टोपलं, परस आणि छबुबाईचा नवरा

छबुबाईनं नवऱ्याला विहिरीत लोटलं, ही बातमी केजच्या बाजारात पोचली तेव्हा त्रिंबक नुसता पडला होता. घाटनांदूरला जाईपर्यंत तो मेला. तिकडच्या एका पाहुण्यानं मला विचारून पाठवलं, की दहाव्याला यावं का तेराव्याला. मी उलट निरोप धाडला, कधीही या. मयत दारात बसून धपाटं खातंय, तुम्हालाही विचारील. विचारणार नाही म्हणा, पण निरोपाला काय जातं?

तर ते आधी निस्तरतो. लोटलं नाही. मोटेच्या नाड्याला बांधलं आणि सोडलं. हळूहळू सोडलं, आणि एकदा नव्हे, दिवसभर सोडलं. त्रिंबक जिवंत आहे. मी हे लिहितोय आणि भिंतीपलीकडून त्याचे ढेकर ऐकू येतायत. मेलेला माणूस इतके ढेकर देत नाही.

छबुबाईचं आणि माझं घर एका भिंतीचं. भिंत मातीची, कमरेच्या थोडी वर. सकाळी उठली की छबुबाई मिश्री लावते आणि भिंतीवरून वाकून माझ्या बाजूला थुंकते. दिवाळीला मी भिंत पांढऱ्या मातीनं पोतारतो. कार्तिक सरायच्या आत तिच्यावर असे काळे ओघळ उतरतात, की सकाळी तिकडं नजर गेली तर तोंडातला घास फिरतो. एकदा धीर करून म्हणालो, "वैनी, जरा बघून. माझी भिंत हाय ती."

"मग काय सोताच्या भिंतीवर थुकू व्हय, भावजी?" म्हणाली, आणि पुन्हा थुंकली.

माहेर दिंद्रुडचं. उंच, काटकुळी, अंगावर जे काही मांस म्हणून असेल ते सगळं जिभेत. विसापर्यंत मोजता येतं, त्यापुढं सगळं 'लई'. सासू मेली तेव्हा रडली नाही, शेळी मेली तेव्हा दोन दिवस चूल पेटवली नाही. उसनं नेलेलं परत आणून देते, पण वापरून वापरून. माझा पाटा तिच्याकडून आला की चार दिवस आमच्या पुरणाला लसणाचा वास.

पण एका गोष्टीत तिला नाव ठेवायला माझ्याजवळही जागा नाही. कांद्याचं बी. तिच्या वावरात कांद्याचे गोंडे धरतात आणि त्याचं बी असं उगवतं, की पार दिंद्रुडपासून लोक मुठीमुठीनं मागायला येतात. "छबुबाईचं बी हाय का?" असं विचारतात. गावात ज्या ज्या गोष्टीला कुणाचं तरी नाव आहे, मळा सुंदररावांचा, लिंब सुंदररावांचा, पार सुंदररावांच्या आज्याचा, त्यात बाईमाणसाच्या नावानं चालणारी ही एकच वस्तू. गोंडे फाल्गुनात फुलतात आणि पाडव्याच्या सुमाराला दाणा भरतात. त्या वेळेला दोन पाणी मिळाली तर बी, नाही तर फोलपटं. आणि बी एक साल चुकलं की लोक दुसरीकडून नेतात, आणि दुसरीकडून नेलेला माणूस परत येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक.

पाणी कुठलं? तर त्या विहिरीचं.

विहीर भाऊबंदांची. चार पात्या, चार हिस्से. थोरली पाती सुंदररावांची, धाकटी त्रिंबकाची, मधल्या दोघांना ना मान ना तोंड. खोली सहा परस. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. असे सहा एकावर एक. एका अंगाला उतरायला दगडी पायऱ्या. दर फाल्गुनात विहीर उपसायची, गाळ काढायचा, आणि पाडव्याला पाण्याच्या नव्या पाळ्या लावायच्या. दर पातीनं गाळाची शंभर टोपली काठावर आणून टाकायची. ज्याची शंभर भरली नाहीत त्याची पाळी त्या उन्हाळ्यापुरती थोरल्या पातीला. का थोरल्या पातीला? तर विहीर राखायचा मान थोरल्या पातीचा. इथं 'मान' म्हटलं की पुढं विचारायचं नसतं.

आता ह्या मानाची गंमत ऐका. सुरुवात करायचा मानही थोरल्या पातीचा. विहिरीत वरून एक परस खाली चौफेर दगडी कट्टा आहे. पावसाळ्यात काठाची माती वाहून येते ती तिथं साचते. कोरडी, भुसभुशीत, हुंगली तर पहिल्या पावसाचा वास येईल अशी. ती सुंदररावांची शंभर टोपली. दोन गडी कट्ट्यावर, दोन काठावर. हातानं हातात दिलं, झालं. दुपारच्या भाकरीला माणसं घरी. मधल्या दोन पात्यांच्या वाट्याला पायऱ्यांवरचा गाळ. आणि धाकट्या पातीला काय उरतं? तळ.

तळाचं वर्णन करायचं तर पोटात काही नसताना करावं. वर्षभराचा पाला कुजून त्याचा काळा राबडा झालेला. त्यात बेडकं, काही जिती, काही फुगलेली. गेल्या पावसात पडलेलं एक कुत्रं, ज्यात आता कुत्रं म्हणावं असं काही राहिलं नव्हतं, नुसता वास राहिला होता, पण तो असा की काठावर उभ्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी यावं. टोपलं डोक्यावर घेतलं की त्यातलं काळं पाणी झिरपत कपाळावरून ओठांवर येतं. आणि ह्याच विहिरीचं पाणी सुंदररावांकडं पाव्हण्यांना तांब्याच्या गडव्यातून देतात. मी तिथं गेलो की मला तहान लागत नाही.

दरवर्षी हे असंच चालायचं आणि कुणाला काही वाटायचं नाही. शंभर म्हणजे शंभर, सगळ्यांना सारखं. न्याय!

यंदा त्रिंबकाला वाटलं. त्याला वाटायचं कारण सांगायचं तर त्याचा देह आणि त्याची विद्या दोन्ही सांगावी लागतील.

देह अडीच मण. हे मी अंदाजानं सांगत नाही. केजच्या अडत्याच्या तराजूत बसून त्यानं ते करून घेतलं आणि गावभर सांगत हिंडला. जेवायला बसला की मांडीवर मांडी चढत नाही. उन्हाळ्यात त्याच्या बगलेतून जो दर्प निघतो त्यानं माझ्या गोठ्यातली म्हैस तोंड फिरवते. आणि विद्या? ती त्यानं दोन साल तळ्याच्या कामावर कमावली. हैदराबादेकडचा एक मुन्शी तिथं मातीकाम मोजायला होता. त्रिंबक त्याची पट्टी धरायचा. माती वाहणारे आपली टोपली मोजायला लागले की मुन्शी म्हणायचा, "टोकरी क्या गिनता बे, ऊँचाई देख!" मग त्यानं एकदा त्रिंबकाला बसवून समजावलं: ओझं नुसतं किती जड ते बघायचं नाही, ते किती उंच चढवलं तेही बघायचं. जडपण आणि उंची यांचा गुणाकार, ते खरं काम. एक मण ओझं एक परस चढवलं तर जितकं काम, तितकंच अर्धा मण दोन परस चढवलं तर. सपाटीवर कितीही मिरवलं तरी धरणीनं ओढून धरलेलं ओझं वर गेलं नाही, म्हणजे चढवण्याचं काम शून्य.

त्रिंबकानं ह्यातलं शेवटचं वाक्य आधी पाठ केलं. तेव्हापासून छबुबाईनं पाण्याची घागर आत ठेवायला सांगितली की तो म्हणायचा, "सपाटीवर काय नेतीस? ते काय काम हाय व्हय? तूच ने."

असो. तर विहिरीच्या काठावर, लिंबाखाली, पात्यांची बैठक बसली तेव्हा त्रिंबक उठला. गुडघ्यावर दोन्ही हात टेकून उठला.

"सुंदरकाका, माझी एक तकरार हाय."

सुंदरराव पानाला चुना लावत होते. पांढरा शुभ्र रुमाल, अत्तर, आणि बोलताना समोरच्याकडं न बघायची सवय. "बोल की. गाळ काढायचा कटाळा आला असंल."

"तुमची शंभर टोपली एक परस चढत्यात. आमची शंभर टोपली सहा परस. टोपलं तेच, अर्ध्या मणाचं. मग आमचं काम तुमच्या सहापट झालं. तुमी शंभर काढली तर आमाला सतरा पुरं."

मग सुंदररावांचा माणूस आप्पाराव, जो दरवर्षी काठावर बसून टोपल्यामागं एक खडा गाडग्यात टाकतो, तो हसला. तो हसला म्हणून बाकीचे हसले.

"अरे त्रिंबक्या," आप्पाराव म्हणाला, "टोपलं काठावर येतं ते काठावरच येतं बे! कुठून आलं ते त्याच्या तोंडावर लिवलेलं आसतं का?"

"मग तुमी काढा की तळातलं. आमी कट्ट्यावरलं काढतो."

सुंदररावांनी पान तोंडात घातलं. "मान हाय त्यो. मान वजनात मोजत न्हाईत." आणि थुंकले. पिंक नेमकी त्या जागी पडली जिथं थोड्या वेळापूर्वी त्रिंबक बसला होता. बैठक बरखास्त.

मला शिसारी आली ती तिथं. त्रिंबकाचं म्हणणं बाजारच्या तराजूइतकं सरळ होतं, आणि ते ऐकून चार जाणती माणसं दात काढत होती. त्यातल्या दोघांना दरवर्षी दीड-दोन परस जास्त चढावं लागतं, तेही दात काढत होते. वाटलं, चला, ह्या अडीच मणात कुठंतरी छटाकभर कणा आहे म्हणायचा.

तो कणा दुसऱ्या दिवशी सकाळी मला दिसला. लिंबाच्या सावलीत आडवा.

विहिरीवर त्रिंबक, छबुबाई आणि त्रिंबकाची विधवा बहीण भिवराबाई, जी ह्यांच्यातच राहते. भिवराबाई तळात उतरून टोपली भरत होती आणि छबुबाई ती डोक्यावर घेऊन पायऱ्या चढत होती. लुगड्याचा कासोटा घट्ट मारलेला, पदर चुंबळीखाली, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत ते काळं पाणी. वर आली, टोपलं उलटं केलं, आप्पारावानं नाक धरून खडा टाकला, ती परत खाली. त्रिंबक बघत होता.

मी विचारलं, "काय बे त्रिंबक, तू न्हाई उतरत?"

"हिसाब केला म्या," तो म्हणाला. "तिला बी सांगितला. पायऱ्या चढायच्या म्हंजे नुसतं टोपलं चढत न्हाई, माणूस बी चढतो. म्या अडीच मण, टोपलं अर्धा मण. म्या चढलो तर दर खेपंला तीन मण वर न्यावं लागतं. ती दीड मण. ती चढली तर दोनच मण. दर खेपंला एक मण वाचतो."

"कुणाचा वाचतो?"

"कामाचा."

हिशेब बरोबर होता. चुकीचं एक अक्षर त्यात नव्हतं. काल ज्या हिशेबानं सुंदररावांचं तोंड उघडं पाडलं, त्याच हिशेबाची उशी करून हा पडला होता. गुळाला मुंगळे लागावेत तसं माझ्या अंगावर काहीतरी चढलं. तिकडं छबुबाईच्या मानेवरून बेडकाचा एक पाय ओघळत होता आणि इकडं हा पोटावर हात फिरवत तिच्या खेपांमधून वाचलेले मण मोजत होता.

गाव काठावर जमलं होतंच. गाव अशा वेळी जमतं. नाकाला सोगा लावून, दोन्ही डोळे उघडे ठेवून. कुणी म्हणे, "बिचारी!" कुणी म्हणे, "कसली बिचारी, तोंड बगा तिचं." उतरून एक टोपलं हातावर घ्यावं असं कुणाच्या मनात आलं नाही. आलं असलं तर वासानं परत गेलं.

दिवस मावळायला आला तरी गाडग्यात खडे चौथाईच. पाडवा परवावर. सुंदररावांचा एक गडी दुपारीच धाकट्या पातीच्या पाटापाशी जाऊन फावड्यानं खुणा करून आला होता, पाळी आली की पाणी त्यांच्या उसाकडं कुठून फोडायचं त्याच्या. छबुबाईनं ते वरून पाहिलं. टोपलं उलटं केलं आणि पुन्हा खाली उतरली.

संध्याकाळी भिंतीपलीकडं चूल पेटली तेव्हा मी माझ्या अंगणात बाजेची सुंभं आवळत होतो. भिंत कमरेएवढी, त्यामुळं ऐकावं लागतंच.

"अवो," छबुबाई म्हणाली. परातीत भाकरी थापटल्याचा आवाज. "म्या वर चढताना माझं दीड मण वर जातं म्हणलात."

"व्हय."

"मग रिकामी खाली उतरताना?"

त्रिंबकाला विद्या विचारली की त्याचं पोट पुढं येतं. "खाली येताना ते काम परत मिळाया पायजे. जेवढं चढवलं तेवढं. मुन्शी सांगायचा, वर गेलेलं वजन म्हंजे राखून ठिवलेलं काम. पर ते धराया कुणी नसतं, म्हणून पायांच्या धडपडीत फुकट जातं."

"फुकट जातं?"

"समदं."

"किती फुकट जातं?"

"जेवढं वजन, जेवढी खोली. तुजं दीड मण, सहा परस. गुण त्याला."

"मला न्हाई येत गुणाया. मग ज्याचं वजन लई, त्याचं लई फुकट जातं?"

"तर काय!" त्रिंबक म्हणाला. "माज्यासारखा उतरला तर तुज्याहून लई जाईल."

मग भाकरी थापटायचा आवाज थांबला. मी भिंतीवरून बघितलं. छबुबाई चुलीपुढं उकिडवी बसली होती, हातातला गोळा तसाच, आणि नवऱ्याकडं बघत होती. नव्या नवरीनं बघावं तसं नव्हे. बैलबाजारात घेणारा बघतो तसं, आधी खांदा, मग पाठ, मग मांड्या.

"जेवा," ती म्हणाली. "आज चार भाकरी खा. पोटभर."

त्यानं पाच खाल्ल्या.

सकाळी विहिरीवर गेलो तर मोटेच्या चाकावर नाडा चढलेला. नाड्याच्या एका टोकाला शेणखत वाहायचा मोठा हारा, चहूबाजूंनी दोर बांधून तळाला सोडलेला. खाली भिवराबाई तो भरत होती, चार टोपल्यांचा गाळ, म्हणजे दोन मण. दुसरं टोक काठावर, त्याला जुन्या गोणपाटाचा झोळणा, माणूस बसेल एवढा. नाड्याचा एक वेढा काठावरच्या बाभळीच्या खुंटाला, म्हणजे सोडताना हातात राहावा.

"बसा," छबुबाई नवऱ्याला म्हणाली.

"कावून?"

"तुमी खाली, गाळ वर. तुमी अडीच मण, गाळ दोन मण. फुकट जातं म्हणला ना तुमी? आता धरते म्या."

त्रिंबक त्या झोळण्याकडं बघायला लागला. मग विहिरीकडं. मग गावाकडं, कारण गाव जमलंच होतं. "हे असं न्हाई करत कुणी."

"हिसाब चुकला का तुमचा?"

"हिसाब न्हाई चुकला, पर..."

"चुकला आसंल तर सांगा समद्यांम्होरं, म्या टोपलं घेते डोक्यावर. परवा सुंदरमामंजींम्होरं केलेला बी चुकला आसंल मग. बोला. चुकला?"

आप्पाराव गाडगं मांडीवर घेऊन पुढं सरकला. त्याला हेच ऐकायचं होतं. त्रिंबकाच्या कपाळावर घाम फुटला, नेहमीचाच, पण आज त्याला कारण होतं. हिशेब चुकला म्हणावं तर दोन सालांची विद्या त्या गाळात गेली. बरोबर म्हणावं तर आपणच गेलो.

तो बसला. छबुबाईनं कमरेला आणि मांड्यांना दोर आवळला, आवळताना गुडघा लावून आवळला, आणि काठावरून पुढं सरकवला. नाडा ताणला, चाक करकरलं. तिनं खुंटावरचा वेढा सैल केला आणि अडीच मण नवरा डोळे मिटून, तोंडानं देवाचं नाव आणि मध्येच बायकोच्या बापाचं नाव घेत, खाली जायला लागला. आणि समोरून हारा वर यायला लागला. अर्ध्यात दोघं समोरासमोर आले. त्या हाऱ्यातून जे गळत होतं ते त्रिंबकाच्या डोक्यावर, मिशांवर, उघड्या तोंडात. तो जो आवाज निघाला तो मी पुन्हा ऐकू इच्छित नाही. गाव हसलं. एकजण हसता हसता ओकला, आणि ते बघून आणखी दोघं. अशा लोकांत मी राहतो.

हारा काठावर आला. छबुबाईनं तो ओढून ओतला.

आप्पारावानं एक खडा टाकला.

"चार टाका," ती म्हणाली.

"एक हारा, एक खडा."

तिनं शेजारचं टोपलं घेतलं, ओतलेल्या गाळात बुडवलं, भरलं आणि आप्पारावाच्या मांडीजवळ, धोतराला लागेल न लागेल असं ठेवलं. "हे एक. अजून तीन मोजून तुमच्या मांडीवर ठिवू, का खडं टाकता?"

खडे पडले.

खाली त्रिंबक दोर सोडवून उभा राहिला, रिकामा झोळणा वर आला कारण रिकामा हारा खाली गेला, आणि अडीच मण देह पायऱ्या चढून वर आला, दर चार पायऱ्यांवर टेकत. वर येऊन धापा टाकत बसला. वाटलं, आता शिव्या देईल. तर हा माणूस, मिशांतून काळं निथळत, मला म्हणतो, "बे, म्या वर आलो म्हंजे अडीच मण सहा परस, पंधरा झालं. त्यातलं गाळाला बारा लागलं. पंधरातलं बारा! टोपलं घेऊन चढलो असतो तर अठरातलं तीनच लागलं असतं." डोळे चमकत होते त्याचे. चेहऱ्यावर मेलेल्या कुत्र्याचा लेप आणि डोळ्यांत विद्येचा आनंद. मी तोंड फिरवलं.

"उठा," छबुबाई म्हणाली. "हारा भरला."

दिवसभर हे चाललं. दुपारनंतर त्रिंबक हिशेब सांगेनासा झाला. मग देवाचं नाव घेईनासा झाला. मग नुसताच जायला आणि यायला लागला. छबुबाईच्या तळहातांची साल नाड्यानं निघाली होती. तिनं लुगड्याचा काठ फाडून गुंडाळला आणि पुन्हा वेढा धरला. एकदा तिचा पाय घसरला, नाडा सुटता सुटता राहिला, आणि तिनं दात त्या नाड्यात रोवले. दातांत! ज्या नाड्यावर दिवसभर तो गाळ गळत होता.

दिवस कलला आणि आप्पारावानं शेवटचे खडे टाकले. शंभर भरले. त्यानं पुन्हा मोजले, तेवढेच निघाले. पुन्हा मोजायला घेतले तेव्हा भिवराबाई पायऱ्यांवरून वर आली आणि त्याच्या शेजारी येऊन बसली, अगदी शेजारी. मग त्यानं मोजायचं सोडलं.

सुंदरराव आले. वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहिले, रुमालाचं टोक नाकाला. गाळाच्या ढिगाकडं बघितलं, नाड्याकडं बघितलं, लिंबाखाली चिखलाच्या गोळ्यासारख्या पडलेल्या पुतण्याकडं बघितलं. मग छबुबाईच्या डोक्यावरच्या फांदीशी बोलावं तसं बोलले.

"सूनबाई, ह्यो गाळ हिश्शात धरता येणार न्हाई. गाळ माणसांनी काढायचा, बैल लावायचा न्हाई, आसा नेम हाय. चाकावर नाडा घालून वजन वढवलं म्हंजे बैल लावल्यासारखंच झालं. पाळी थोरल्या पातीला यील."

नेम खरा होता. त्यांच्या आज्याच्या वेळेला गाळ ओढताना बैल आत पडून मेला, तेव्हापासूनचा. मधल्या पात्यांनी माना हलवल्या. नेहमीप्रमाणं आधी हलवल्या, मग विचार केला असेल तर केला. आप्पारावानं गाडगं उपडं करायला हात घातला.

छबुबाईनं पदर डोक्यावर घेतला. चुलत सासऱ्यासमोर घ्यावा लागतो, आणि त्या पदराला काय काय लागलं होतं ते मी सांगत नाही. मग तिनं एकच उत्तर दिलं. ते ऐकून आधी मधल्या पात्यांतला एक फिसकन हसला, मग दुसरा, मग सगळा काठ हसला, आणि हसणाऱ्या गावापुढं त्या पाळीवर पुन्हा हक्क सांगायचं सुंदररावांना जमलं नाही. ते मागं न बघता घरी गेले आणि पाडव्याला पाणी कांद्याच्या पाटाला फुटलं. उत्तर एवढंच होतं:

"बैल कुठं लावला म्या, मामंजी? बैल आसता तर दुपारच्या आत काम उरकलं असतं, आन् हिसाब बी ऐकावा लागला नसता."